मारबत घरातले भांडण नेते का?

नागपूरच्या दक्षिण भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनीचे मोठे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश येथे देत आहे.

त्यांचे पती बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ११ वर्षे नोकरीला होते. ८ महिन्यांपूर्वी ती नोकरी गेली आणि आता ते एका ठेकेदाराकडे मिळेल त्या दिवशी मिळेल ते काम करतात. फ्लॅटच्या कर्जाचे हप्ते सुरूच आहेत. वाचक भगिनी स्वतः एका दुकानात हिशेब लिहिण्याचे काम करतात. पैशावरून रात्री वाद होतो आणि त्यानंतर दोन-दोन दिवस नवरा-बायकोत अबोला असतो. मारहाण कधी झालेली नाही, परंतु एकदा जेवणाचे ताट भिरकावले गेले. घरात सासूबाई, १४ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा आहे. मुलगा रात्री आजीजवळ गोष्ट ऐकत झोपतो. गेल्या दोन महिन्यांपासून शाळेत निघायच्या वेळी त्याचे पोट दुखते. बालरोगतज्ज्ञांनी तपासले, सोनोग्राफी झाली, काहीही निघाले नाही. शाळेतून आला की तो आधी स्वयंपाकघरात डोकावतो आणि मग बूट काढतो. सासूबाईंचे म्हणणे असे की, "लेकरायले काय समजते, चार दिवसांत भुलून जातात." तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या महाल भागात मारबतीची, म्हणजे ईडापीडा घेऊन जाते असे मानल्या जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक पाहताना "घेऊन जा गे मारबत" हा गजर ऐकून मुलाने विचारले, "आई, मारबत आपल्या घरातलं भांडणपण घेऊन जाते का?" त्या हसल्या आणि गर्दीत विषय मागे पडला, परंतु त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. त्यांनी मोबाइलवर बालपणीच्या आघातांची दहा प्रश्नांची एक चाचणी मुलाच्या वतीने सोडवली. आलेला आकडा पाहून मुलाचे आयुष्यभराचे नुकसान झाले, असे त्यांच्या मनाने घेतले आहे. परिस्थिती सुधारेपर्यंत मुलाला अमरावतीला मामाकडे पाठवावे का, असा त्यांचा प्रश्न आहे. मुलीविषयी त्यांनी इतकेच लिहिले आहे: "तिची मला मुळीच काळजी नाही. देवाने तिला वयापेक्षा जास्त समज दिली आहे. आमचा अबोला असला की निरोप तीच पोचवते. सहलीचा कागद तर तिने मला दाखवलासुद्धा नाही, दप्तर आवरताना सापडला."

ताई,

तुमचे पत्र मी दोन वेळा वाचले. पहिल्या वाचनात मला फक्त मुलगा दिसला, कारण तुम्ही तोच दाखवला होता. दुसऱ्या वाचनात मात्र नजर पुन्हा पुन्हा मुलीवरच्या त्या चार ओळींवर जाऊन थांबू लागली. तिच्याकडे मी येणारच आहे, परंतु तुमची झोप उडवणाऱ्या त्या चाचणीचा विषय आधी संपवू या.

ती प्रश्नावली ज्या संशोधनातून आली, ते १९९८ साली विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा या अमेरिकी डॉक्टरांनी प्रसिद्ध केले. सॅन दिएगो येथील हजारो प्रौढांना त्यांनी त्यांच्या बालपणाविषयी विचारले. घरातील मारहाण, उपेक्षा, व्यसन, मानसिक आजार अशा अनुभवांची संख्या जसजशी वाढते, तसतसे पुढच्या आयुष्यात हृदयविकारापासून नैराश्यापर्यंत अनेक आजारांचे प्रमाण वाढलेले दिसते, असे त्यांना आढळले. हे काम मोलाचेच आहे, परंतु हा हिशेब समूहाचा आहे. विदर्भात पावसाळ्यात सरासरी किती पाऊस पडतो हे ठाऊक असले, तरी उद्या दुपारी तुमच्या गच्चीवरच्या वाळवणाचे काय होईल हे त्यावरून सांगता येत नाही. म्हणूनच २०२० मध्ये खुद्द अँडा यांनी सहकाऱ्यांसह लेख लिहून, हा आकडा एकेका व्यक्तीचे निदान करण्यासाठी वापरू नये, असे बजावले. शिवाय त्या दहा प्रश्नांत फक्त वाईटाची मोजदाद आहे. मुलाला रोज रात्री गोष्ट सांगणारी आजी घरात आहे का, हा प्रश्न त्यात नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या वतीने मध्यरात्री आईने सोडवलेल्या परीक्षेचा निकाल तुम्ही निर्धास्तपणे रद्द समजावा.

चांगल्या बाजूची मोजदाद करणारे संशोधनही आहे आणि ते मला अधिक उपयोगी वाटते. हवाई बेटांपैकी कौआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे कित्येक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, आई-वडिलांचे आजार अशी अनेक संकटे ज्यांच्या वाट्याला एकदमच आली होती, त्या मुलांपैकीही सुमारे एक-तृतीयांश मुले कर्तबगार आणि इतरांना जीव लावणारी माणसे झाली. किशोरवयात जी अडखळली, त्यांतलीही बहुतेक पुढे तिशी-चाळिशीत सावरली. सावरलेल्या मुलांच्या आयुष्यात बहुधा एक गोष्ट समान होती: जिच्यावर निःशंक भरवसा ठेवावा अशी किमान एक मोठी व्यक्ती. ती दर वेळी आई किंवा वडीलच होती असे नाही. आजी, मावशी, शिक्षिका, शेजारीण, कोणीही. तुमच्या सासूबाईंचे मुलांच्या समजेविषयीचे मत मला पटत नाही, परंतु रात्रीच्या गोष्टीच्या रूपाने त्या जे करीत आहेत ते फार मोठे आहे. त्यांच्या बोलण्यावरून घरात आणखी एक आघाडी उघडू नका.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही गृहीत धरले आहे की मुलाला त्रास होतो तो पैशाच्या तंगीमुळे आणि भांडणामुळे, म्हणून या दोन्हींपासून त्याला दूर नेले की त्रास थांबेल. हे अर्धेच खरे आहे. तंगी मुलांपर्यंत थेट पोचत नाही, ती आई-वडिलांमधून पोचते. १९३० च्या दशकातील महामंदीत वाढलेल्या अमेरिकी मुलांचा अभ्यास ग्लेन एल्डर यांनी केला. पुढे १९८० च्या दशकात आयोवा राज्यातील शेतकरी कुटुंबे कर्जात बुडाली, तेव्हा रँड काँगर आणि एल्डर यांनी त्या कुटुंबांचा मागोवा घेतला. दोन्हीकडे साखळी तीच दिसली. पैसा तुटतो, मोठी माणसे चिंतेने चिडखोर किंवा गप्प होतात, त्यांचे आपसांत बिनसते, मुलांशी वागण्यात धरसोड येते आणि मग मूल कोमेजते. या साखळीतील पहिली कडी बहुतेकदा आपल्या हातात नसते, बुटीबोरीतला कारखाना तुम्ही पुन्हा उघडू शकत नाही. परंतु मधल्या कड्या तुमच्या घरातल्याच आहेत.

येथे थोडे स्वतःविषयी सांगते. माझे बालपण वर्धा जिल्ह्यातील एका कापूस पिकवणाऱ्या गावात गेले. कापूस विकला गेला तरी चुकारा हाती पडायला कधी कधी महिने लागत, आणि त्या महिन्यांत आमचे बाबा घरात असूनही नसल्यासारखे असत. पाटी फुटली तरी ओरडत आणि पहिला नंबर आला तरी ओरडत. एकदा आईने आम्हा तिन्ही भावंडांना चुलीजवळ बसवून सांगितले, "चुकारा आला नाही म्हणून बाबा चिडतात. तुमच्यावर नाही चिडत. आला की बोलतील." बाबांचे ओरडणे त्यानंतरही थांबले नाही. परंतु ते कशाचे आहे हे आम्हाला कळले होते, आणि ते आमचे नव्हते. पुढे पस्तीस वर्षे समुपदेशनाचे काम करताना मी जे काही शिकले, त्यातले बरेचसे त्या तीन वाक्यांत होते.

मुलांना कारण सांगितले नाही, तर ती कारणावाचून राहत नाहीत, स्वतःचे कारण तयार करतात. आणि नऊ वर्षांचे मूल स्वतःच्या जगाच्या मध्यभागी उभे असल्यामुळे त्या कारणातही तेच उभे असते. माझी फी, माझी सायकल, मी परवा दूध सांडले. तुमच्या मुलाने मारबतीचा प्रश्न गमतीने विचारलेला नाही. आपण घरात जे पाहतो आहोत ती ईडापीडा आहे, हे त्याला कळले आहे, आणि ती घरातून कशी घालवता येईल याचा तो आपल्या परीने विचार करीत आहे.

त्याच्या पोटदुखीबद्दल. तपासण्यांत काही निघाले नाही, याचा अर्थ दुखत नाही असा मुळीच नाही. मेंदू आणि आतडी यांच्यातील मज्जातंतूंचे दळणवळण इतके दाट आहे की काळजीने मुलाच्या पोटात खरोखर कळ येते. त्याला नाटक किंवा बहाणा म्हणू नका आणि घरातल्या कोणालाही म्हणू देऊ नका. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, वजन घटणे, वारंवार उलट्या, ताप किंवा शौचातून रक्त यांपैकी काही दिसले तर पुन्हा डॉक्टरांकडे जायचेच. एरवी मात्र रोज नवी तपासणी करू नका, कारण प्रत्येक तपासणी त्याला सांगते की पोटात काहीतरी भयंकर आहे.

ही कळ नेमकी शाळेत निघताना का येते, याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. जो मुलगा बूट काढण्याआधी स्वयंपाकघरात डोकावतो, तो भुकेने डोकावत नाही, आई जागेवर आहे ना हे पाहतो. शाळा त्याला नकोशी झालेली नसावी, घर सोडवत नसावे. आपण पहाऱ्यावर असलो तर काही वाईट होणार नाही, अशी समजूत त्याने करून घेतलेली दिसते, आणि सकाळी ८ वाजता आपण त्याला पहारा सोडायला लावतो. हा माझा अंदाज आहे आणि तो तुम्ही पडताळून पाहिला पाहिजे. वर्गात कोणी छळते का, एखाद्या विषयाची धास्ती आहे का, हे वर्गशिक्षिकेला भेटून नक्की विचारा. परंतु अंदाज बरोबर असेल, तर मामाच्या घरी पाठवण्याचा अर्थ काय होतो पाहा: पहारेकऱ्याला आपण दीडशे किलोमीटर दूर नेऊन ठेवतो. त्याची काळजी तिथे कमी होणार नाही, उलट डोकावून खात्री करून घेण्याची सोयही जाईल. भांडण झाले आणि मला घरातून पाठवले, असा सरळ हिशेब मांडायला त्याला वेळ लागणार नाही. बहीण मात्र घरी राहिली, हे तो विसरणार नाही.

याचा अर्थ मामाचे घर निरुपयोगी आहे असा नाही. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही मुलांना मिळून आठ-दहा दिवस अवश्य पाठवा, परत येण्याची तारीख आधी सांगून आणि तोवर रोज ठरलेल्या वेळी फोन करून. मुलांना तेवढा मोकळा वारा मिळेल आणि तुम्हा दोघांना बोलायला निवांतपणा. शाळेचे वर्ष अर्ध्यात तोडून, कधी परत यायचे ते न सांगता एकट्या मुलाला पाठवणे मला योग्य वाटत नाही. अपवाद एकच, घर असुरक्षित असेल तर. परंतु तेव्हा मुलाला एकट्याला पाठवून भागत नाही, तुम्ही तिघांनीही निघायचे असते.

त्या ताटाविषयी तुम्ही घाईने एक वाक्य लिहिले आहे, म्हणून मी त्यावर थांबते. एकदा ताट भिरकावले गेले, त्याची तुमच्या यजमानांना नंतर लाज वाटली का, त्यांनी ते बोलून दाखवले का, की ते तुमच्यामुळेच झाले असे म्हणाले? पहिले असेल तर पुढचा सारा सल्ला तुमच्यासाठी आहे. दुसरे असेल, किंवा तुम्हाला बोलताना त्यांची भीती वाटत असेल, तर संवाद सुधारण्याच्या युक्त्या येथे पुरणार नाहीत. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यात शारीरिक मारहाणीबरोबरच मानसिक आणि आर्थिक छळाचाही समावेश आहे आणि त्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. अडचणीतील महिलांसाठीचा नागपूर पोलिसांचा भरोसा सेल आणि १८१ ही महिला हेल्पलाइन यांच्याशी बोलता येते, तातडीच्या वेळी ११२ आहे. तेथे चौकशी केली म्हणजे संसार मोडला, असे होत नाही.

आता अबोल्याकडे येते. तुम्ही लिहिता की मुलांसमोर भांडण नको म्हणून तुम्ही गप्प होता. हेतू चांगला आहे, परंतु मुलांच्या कानाला ही शांतता भांडणापेक्षा कमी मोठी वाटत नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात तान्ह्या बाळांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यात आईने काही क्षण चेहरा निर्विकार ठेवून बाळाकडे नुसते पाहायचे असते. बाळ हसते, हात पसरते, आवाज काढते, आणि काहीच प्रतिसाद मिळाला नाही की कासावीस होते. त्याच संशोधनात पुढे असेही दिसले की चांगल्या मायलेकरांचेही सूर बराच वेळ जुळलेले नसतातच. महत्त्व असते ते बिघडलेला सूर पुन्हा जुळण्याला. मोठ्या मुलांच्या बाबतीत मार्क कमिंग्ज यांचे काम याच दिशेने जाते. मोठ्यांचे भांडण पाहून मुले अस्वस्थ होतात, परंतु ते मिटलेले दिसले की अस्वस्थता पुष्कळ उतरते, आणि मुलांच्या पाठीमागे मिटले असले तरी मिटले आहे एवढे नंतर सांगितल्यानेही फरक पडतो.

तुमच्या घरात मुले भांडणाचा पहिला अर्धा भाग रोज ऐकतात आणि दुसरा अर्धा त्यांना कधीच दिसत नाही. दोन खोल्यांच्या घरात दार लावून बोलले म्हणजे मुलांना ऐकू येत नाही, ही समजूत तर सोडूनच द्या. म्हणून पैशाचे बोलणे रात्री जेवणानंतर काढायचेच नाही, एवढा एक करार यजमानांबरोबर करा. त्यासाठी आठवड्यातला एक वार आणि एक तास ठरवा, आणि तो घराबाहेर असू द्या. सक्करदरा तलावाकडे एक फेरी मारत हप्ता, फी, किराणा यांचा हिशेब केला, तर आवाज आपोआप खाली राहतो. चालताना माणसे समोरासमोर नसतात, शेजारी असतात, त्याचाही उपयोग होतो. कर्जाचा हप्ता थकण्याआधीच बँकेत जाऊन मुदत वाढवून मिळते का, हे विचारणे त्या पहिल्या फेरीचा विषय होऊ शकेल.

यजमानांशी हे बोलायचे कसे, ही अडचण मला समजते. नोकरी गेलेल्या पुरुषाला पगाराइतकाच आपला मान गेल्यासारखा वाटतो, आणि मुलाच्या पोटदुखीची गोष्ट त्याला सहज आणखी एक आरोप वाटू शकते. म्हणून "तुमच्यामुळे" या शब्दाने वाक्य सुरू करू नका. मारबतीचा प्रश्न जसा घडला तसा त्यांना सांगा आणि सांगून थांबा. मला वाटते, त्यांनाही त्या रात्री झोप लागणार नाही, आणि ते वाईट नाही. शिवाय सध्या दिवसाचे काही तास ते घरी असतात. मुलाला शाळेत सोडण्याचे काम त्यांच्याकडे जाऊ शकते. पहारेकऱ्याला पोस्टावर सोडायला खुद्द बाबा येतात, आणि जाताना "मधल्या सुट्टीच्या वेळी आई दुकानात असेल, मी घरी असेन, आजी झोपली असेल" असे घरच्या माणसांचे ठावठिकाणे सांगतात, या साध्या उपायाचा मला अनेक घरांत गुण आलेला आहे. पोट दुखले तरी शाळेत जायचेच, हे मात्र प्रेमाने आणि न डळमळता. फार दुखले तर शिक्षिकेजवळ थोडा वेळ बसायचे, घरी यायचे नाही, असे शाळेशी आधी बोलून ठेवा. एक-एक दिवस घरी ठेवत गेले की परत जाणे दिवसेंदिवस अवघड होत जाते.

आणि आता तुमची मुलगी. ताई, ज्या मुलीची तुम्हाला मुळीच काळजी नाही, तिची मला मुलापेक्षा जास्त काळजी वाटते. मुलाचे पोट निदान दुखते. त्याला एक तक्रार सापडली आहे, आणि त्या तक्रारीमुळे डॉक्टर, सोनोग्राफी, आईचे पत्र, सगळे त्याच्या बाजूने हलले. मुलीने तक्रार करण्याचे स्वतःवर बंधन घातले आहे. सहलीचा कागद तिने दाखवला नाही तो समजूतदारपणाने नव्हे, आपण काही मागितले तर त्या रात्री घरात काय होईल याचा अंदाज घेऊन. आपल्याकडे अशा मुलींचे कौतुक फार होते. पाहुणे म्हणतात, किती गुणाची पोर. त्या कौतुकाच्या भिंतीआड ती आणखी खोल जाते, कारण आता चिडण्याची, चुकण्याची, हट्ट करण्याची वाटही बंद झालेली असते. गुणाची पोर ही पदवी परत करायला फार धैर्य लागते.

यात एक बारीक भेद आहे. मुलांनी घरात काम करणे वाईट नाही, अडचणीच्या काळात तर मुळीच नाही. कौआईच्या त्या सावरलेल्या मुलांपैकी कित्येकांवर लहान भावंडांना सांभाळण्याची किंवा घरकामाची खरीखुरी जबाबदारी होती, आणि आपण उपयोगी आहोत या जाणिवेने त्यांना बळ दिले. तुमची मुलगी कणीक मळत असेल, भावाचा गृहपाठ घेत असेल, तर ते खुशाल चालू द्या. परंतु "बाबांना सांग, ताट वाढले आहे" हा निरोप नेणे हे काम नव्हे. तो निरोप नेताना ती आवाजाची पट्टी निवडते, तुमच्या शब्दांची धार काढून टाकते, बाबांचा चेहरा वाचते आणि परत येताना उत्तर मऊ करून आणते. ही मध्यस्थी आहे आणि ती चौदा वर्षांच्या मुलीच्या माथी मारलेली आहे. तिने ती नीट पार पाडली, म्हणून तिला जड गेली नाही असे नाही. पुढल्या वर्षी ती दहावीत जाईल, तेव्हा हे ओझे तिच्या पाठीवर नको.

ते काढून घेण्याचा मार्ग एकच, तुम्ही दोघांनी तिला तसे स्पष्ट शब्दांत सांगणे. "आमचे निरोप यापुढे तू न्यायचे नाहीत. आमचे बोलणे बंद असले तर तो आमचा प्रश्न आहे, आम्ही भुकेले राहू पण तुला मध्ये घालणार नाही." हे एकदा सांगून पुरणार नाही. अबोल्याच्या पुढल्याच रात्री सवयीने ती उठेल, तेव्हा तुम्ही स्वतः उठून यजमानांना जेवायला बोलवा. नंतर काही दिवसांनी ती अचानक चिडकी झाली, उलट उत्तर देऊ लागली, आजीशी भांडली, तर दुःख करू नका. चौदाव्या वर्षी मुली अशाच असतात, तिचे ते वर्ष तिला परत मिळत आहे.

मुलांना एकत्र बसवून एकदा सांगणेही आवश्यक आहे, आणि ते तुम्ही दोघांनी मिळून करावे. एखाद्या रविवारी दुपारी, जेवण झाल्यावर. फार लांबण लावू नका. बाबांची कारखान्यातली नोकरी गेली आहे, दुसरी शोधत आहेत. पैसे पूर्वीपेक्षा कमी आहेत, म्हणून या वर्षी काही गोष्टी होणार नाहीत, त्या कोणत्या ते नावानिशी सांगा. शाळा बदलणार नाही, हे घर सध्या सोडायचे नाही, आजी आपल्याबरोबरच राहणार, म्हणजे जे बदलणार नाही तेही तितक्याच ठामपणे सांगा. जे तुम्हालाच ठाऊक नाही त्याचे वचन मात्र देऊ नका, कारण मोडलेले वचन मुले कर्जापेक्षा जास्त लक्षात ठेवतात. मग हे सांगा की आम्ही भांडतो ते पैशाच्या काळजीने. त्यात तुमची चूक नाही आणि ते मिटवणे तुमचे काम नाही. मुलगा लगेच खेळायला पळाला, तर ऐकले नाही असे समजू नका. तो दोन दिवसांनी, बहुधा आंघोळीच्या वेळी किंवा दिवे घालवल्यावर, एखादा आडवळणाचा प्रश्न विचारील. तेव्हा उत्तर द्यायला तुम्ही असा, एवढेच.

रोज प्रत्येक मुलाला पंधरा-वीस मिनिटे स्वतंत्र द्या, आणि त्यात अभ्यासाचा विषय नको. जेवणाची व झोपेची वेळ शक्यतो बदलू नका. घरात बाकी सर्व हलत असताना आठला जेवण आणि साडेनऊला आजीची गोष्ट या दोन गोष्टी हलत नाहीत, ही मुलांसाठी लहान बाब नसते.

इतके करूनही दीड-दोन महिन्यांत पोटदुखी उतरली नाही, शाळा बुडतच राहिली, मुलगी जेवेनाशी किंवा झोपेनाशी झाली, तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा बालसमुपदेशकाकडे जायला संकोच करू नका. दोघांपैकी कोणी जगण्याला कंटाळल्यासारखे बोलले तर एक दिवसही थांबू नका. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे आपल्या मेडिकलमध्ये, तसेच मेयो रुग्णालयातही मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग आहे, त्यासाठी खासगी दवाखान्याचे पैसे मोजावे लागत नाहीत. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते, आणि तो क्रमांक तुमच्या यजमानांसाठीही आहे आणि तुमच्यासाठीही. मुलांना स्वतःला १०९८ हा बालकांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक ठाऊक असावा. पत्रात तुम्ही प्रत्येकाविषयी लिहिले आहे, फक्त तुम्ही किती दिवसांत धड जेवला नाहीत हे लिहिलेले नाही. ते पुढच्या पत्रात कळवा.

मारबतीच्या त्या प्रश्नाला मुलगा अजून उत्तराची वाट पाहत असणार. उद्या शाळेतून येऊन तो स्वयंपाकघरात डोकावेल, तेव्हा त्याला जवळ घेऊन सांगता येईल की मारबत घरातले भांडण नेत नाही, ते आई-बाबांनाच मिटवावे लागते, आणि या शनिवारी आम्ही दोघे त्यासाठी तलावावर फिरायला जाणार आहोत. शनिवार ठरला असेल तरच हे सांगा. आणि तो सहलीचा कागद बाहेर काढा. जमत असेल तर सही करून मुलीच्या हातात द्या, जमत नसेल तर या वेळी जमणार नाही असे तिला स्वतःच्या तोंडाने सांगा, आणि तिला रडू आले तर रडू द्या.